आठवीतल्या मुलीला इंग्रजी व्याकरण: रोजचा सराव नेमका कशाचा घ्यावा?

वाघ्या_घेवडा:
मंडळी, सल्ला हवाय. लेक आठवीत आहे. कोरेगावात मराठी शाळा, सेमी. गणित-विज्ञान इंग्रजीतून ठीक चाललंय. व्याकरणाचं मात्र कोडं आहे. बाराही काळांची सूत्रं तोंडपाठ. झोपेतून उठवून विचारलं तरी ‘सब्जेक्ट प्लस हॅज किंवा हॅव प्लस क्रियापदाचं तिसरं रूप’ धडाधड म्हणून दाखवील. सरावाच्या वहीत रिकाम्या जागा भरल्या की वीसपैकी सतरा-अठरा ठरलेले.

परवा म्हटलं, आजोबा काय काय करतात ते पाच ओळींत लिही. आलं ते जसंच्या तसं देतो, फक्त लिपी आपली:

‘माय ग्रँडफादर इज गो टू फार्म ॲट मॉर्निंग. ही इज टेक टी फर्स्ट. ही नॉट लाइक शुगर. यस्टर्डे ही डिड वेंट सातारा फॉर टूथ. ही सेड दॅट आय विल नॉट गो अगेन.’

शेवटचं वाक्य वाचून मला आधी वाटलं, हीच कुठं जाणार नाही म्हणतेय.

तर प्रश्न असा. रोज थोडा वेळ मी बसू शकतो. सराव कशाचा घ्यायचा, किती घ्यायचा, आणि माझं स्वतःचं इंग्रजी कचेरीतल्या अर्जापुरतं असताना तपासायचं कुणी? शिष्यवृत्तीची परीक्षाही तोंडावर आहे.

कंदीपेढा:
क्लास लावा, मोकळे व्हा. साताऱ्यात पोवई नाक्यावर दर दुसऱ्या जिन्यात एक पाटी आहे.

वाघ्या_घेवडा:
कोरेगावहून एसटीनं जाऊन-येऊन संध्याकाळ संपते हो. आणि क्लासमध्येही परत रिकाम्या जागाच. गेल्या वर्षी लावून बघितलाय.

खडू_डस्टर:
घेवडा, आधी पोरीची पाठ थोपटा. पाच ओळींत आजोबा समोर उभे केले तिनं. बिनसाखरेचा चहा, शेत, दाढ, आणि ‘परत जाणार नाही’ हा हट्ट. जिला सांगायला काही आहे तिला व्याकरण शिकवता येतं. चार दशकं तालुक्यात शिकवलंय, बिनचूक आणि मुकी अशी पोरं चिक्कार पाहिली.

आता चुकांकडे बघू. या चुका आळसाच्या नाहीत, प्रत्येकीला कारण आहे. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. लहानपणी पोरं ‘धिस इज अ बॉल’, ‘शी इज माय सिस्टर’ एवढंच घोकतात. मग ‘ही’ लिहिलं की ‘इज’ आपोआप मागून येतं. ‘ही नॉट लाइक’ का? कारण मराठीत ‘आवडत नाही’ म्हटलं की काम संपलं, मदतीला आणखी कुणी लागत नाही. ‘डिड वेंट’मध्ये तिनं काल घडलेलं दोनदा सांगितलं, एकदा ‘डिड’नं, एकदा ‘वेंट’नं. आणि शेवटचं वाक्य मराठीत शंभर टक्के बरोबर आहे: ‘ते म्हणाले की मी परत जाणार नाही.’ आपण दुसऱ्याचा ‘मी’ तसाच ठेवतो. इंग्रजी ठेवत नाही.

पाचही चुका एकदम लाल शाईनं रंगवू नका. एकच धरा. मी असतो तर डू-डझ-डिड धरलं असतं, कारण नकार, प्रश्न आणि भूतकाळ तिन्ही त्यातून सुटतात. ‘ॲट मॉर्निंग’ राहू द्या, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

कसं घ्यायचं ते सांगतो. वीस मिनिटं पुरे, पण वेळ एकच ठेवा, जेवणाआधी म्हणजे जेवणाआधी. वहीच्या डाव्या पानावर तिनं स्वतःच्या घरातल्या, शाळेतल्या पाच-सहा गोष्टी लिहायच्या. उजवं पान कोरं. तुम्ही फक्त डू-डझ-डिडच्या चुकीखाली पेन्सिलनं रेघ ओढायची. बरोबर काय ते सांगायचं नाही. ती उजवीकडे वाक्य पुन्हा लिहील. दुसऱ्या दिवशी वही उघडायच्या आधी कालची दुरुस्त वाक्यं आठवून लिहायची, मग ताडून बघायची. आठवून लिहिण्यात जी ओढाताण होते तीच कामाला येते. नुसतं वाचून ‘हां, माहितीये’ म्हणणं फुकट. आठवड्यानं मागचं एखादं पान परत काढायचं.

तोंडी खेळही घ्या. तुम्ही मुद्दाम खोटं बोलायचं, तिनं खोडायचं. ‘यू एट टू लाडूज.’ ‘आय डिडन्ट ईट टू लाडूज, आय एट फोर.’ ‘डिड आजी सी यू?’ ‘नो, शी डिडन्ट.’ खोटं खोडायला पोरांना फार आवडतं आणि ‘डिडन्ट ईट’ पन्नासदा तोंडातून जातं.

आता तुमच्या त्या सतरा-अठरा मार्कांबद्दल. वहीत पानाच्या डोक्यावरच लिहिलेलं असतं ‘साधा भूतकाळ वापरा’. म्हणजे कोणता काळ हे आधीच ठरवून दिलंय, पोरीनं फक्त रूप भरायचं. लिहिताना खरं काम असतं ते ठरवण्याचंच. त्याचा सराव तिला कुणी दिलेलाच नाही. रिकाम्या जागा द्यायच्याच असतील तर चार प्रकरणांतल्या उचलून, भेसळ करून, मथळा न लिहिता द्या. मार्क धाडकन खाली येतील. घाबरू नका.

अजिंक्यतारा_पायथा:
सरांशी बहुतेक सहमत, पण सूत्रांना एवढं हलकं लेखू नका. माझा मुलगा सैनिक स्कूलच्या नववीच्या प्रवेशाची तयारी करतोय. (सैनिक स्कूल साताऱ्याचं, १९६१ चं, देशातलं पहिलं. एवढा अभिमान चालवून घ्या.) त्या परीक्षेत इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण, सगळे बहुपर्यायी. तिथं आजोबांवर पाच ओळी कुणी मागत नाही. सूत्र पाठ असेल तर चारातले दोन पर्याय बघताक्षणी बाद होतात. शिष्यवृत्तीतही इंग्रजीचे प्रश्न बहुपर्यायीच असतात.

खडू_डस्टर:
अजिंक्यतारा, सूत्र फेकून द्या असं म्हटलं नाही. सूत्र लिहून झाल्यावर तपासायला वापरावं, लिहायला बसताना नाही. आधी सूत्र आठवून मग वाक्य जुळवणारं पोर तिसऱ्या शब्दाला थकतं. आणि बहुपर्यायी परीक्षेचा सराव वेगळा करावाच लागतो, तो शेवटच्या दोन महिन्यांत होतो. मूळ भाषा तेवढ्यात होत नाही.

पानगळ:
भाषाविज्ञानाची विद्यार्थिनी आहे म्हणून नाक खुपसते. डुले आणि बर्ट यांनी १९७४ मध्ये स्पॅनिश आणि चिनी घरभाषा असलेल्या, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. घरभाषा इतक्या वेगळ्या, तरी इंग्रजी रूपं अंगवळणी पडण्याचा क्रम बराचसा सारखा दिसला. ‘गोइंग’मधलं ‘इंग’ लवकर येतं. ‘ही गोज’मधला शेवटचा ‘एस’ खूप उशिरा. नियम म्हणून तोच सगळ्यात सोपा, दुसऱ्या मिनिटाला कळतो, पण बोलताना-लिहिताना हातातून सुटत राहतो. या अभ्यासांवर पुढे टीकाही झाली, घरभाषेचा परिणाम होतो असं दाखवणारं काम आहे. तरी पालकांनी एवढं घ्यावं: ‘कितीदा सांगितलं, ही आला की एस लाव!’ असं ओरडून तो ‘एस’ लवकर येत नाही.

आठवून लिहिण्याबद्दल सर बोलले ते जुनं आणि पक्कं आहे. एबिंगहाउसनं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून आज, उद्या, आठवड्यानं असं अंतर वाढवत परत यायचं. रविवारी दोन तास बसवून आठवडाभर सुट्टी देण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं कधीही बरी.

खडू_डस्टर:
पानगळताई, ही नावं आम्हाला डीएडला कुणी सांगितली नाहीत. पण तो ‘एस’ वह्या तपासताना दर वर्षी असाच शेवटी उगवायचा खरा.

मिरजेची_तार:
मी सांगलीकडची, म्हणजे शेजारणच. काळ शिकवायला मराठीची मदत का घेत नाही कुणी? इंग्रजी तास म्हणजे मराठी बंद, हे खूळ कुठून आलं कोण जाणे. माझ्या मुलाला मी चार वाक्यं लिहून दिली: ‘मी जेवलो. मी जेवलोय. मी जेवत होतो. मी जेवलो होतो.’ विचारलं, पाहुणे आले आणि ‘जेवणार का’ म्हणाले तर यातलं कुठलं म्हणशील? लगेच म्हणाला, ‘जेवलोय.’ झालं, तेच ‘आय हॅव ईटन’. भूक नाही हे आत्ताचं आहे, म्हणून ‘हॅव’. व्याख्या सांगावी लागली नाही.

पण दोन ठिकाणी मराठी दगा देते, ती वेगळी घोटून घ्यावी लागतात.

पहिलं, ‘काल साताऱ्याला गेलो होतो.’ पोरं सरळ ‘आय हॅड गॉन टू सातारा यस्टर्डे’ लिहितात. मोठी माणसंही लिहितात, कचेरीत पत्रं बघा. इंग्रजीत इथं साधं ‘वेंट’ पुरतं. ‘हॅड गॉन’ तेव्हाच, जेव्हा भूतकाळातल्याच दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या आधीचं सांगायचंय: मी पोचलो तेव्हा एसटी गेली होती. तुमच्याकडं तर ‘गेल्तो’ म्हणतात, त्यात ‘होतो’ इतका मुरलाय की वेगळा दिसतही नाही!

दुसरं, ‘पासून’. ‘पाच वर्षांपासून’ आणि ‘२०१९ पासून’, मराठीत दोन्हीकडे एकच शब्द. इंग्रजीत लांबी सांगायची तर ‘फॉर’, सुरुवात सांगायची तर ‘सिन्स’. शिवाय आपण म्हणतो ‘पाच वर्षांपासून इथं राहतोय’, म्हणून पोरं ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ लिहितात. हवं असतं ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. माझ्या मुलाकडून मी घरातल्या वस्तूंवर वाक्यं करून घेतली. फ्रीज किती वर्षं आहे, तंबोरा कधीपासून आहे. तंबोऱ्याचं वय विचारता विचारता आजेसासूबाईंची अर्धी कहाणी निघाली, ते राहू द्या.

कंदीपेढा:
‘गेल्तो’वर हसू नका, आमचा पास्ट परफेक्ट आहे तो :)

वाघ्या_घेवडा:
सगळ्यांचे आभार. सुरू केलंय. अनुभव लिहितो.

खोटं खोडायचा खेळ घरात इतका चाललाय की धाकटाही मधे घुसतो. ‘इज गो’ बोलण्यातून बरंचसं गेलं. लिहिताना अजून येतं, पण खाली रेघ दिसली की स्वतःच ‘अय्या’ म्हणून खोडते. भेसळीच्या रिकाम्या जागांत मात्र वीसपैकी नऊ. त्या दिवशी जेवली नाही नीट.

अडचण दोन. एक, मलाच कळत नाही असं वाक्य आलं तर? ‘माय फ्रेंड मेड मी टू लाफ’ लिहिलं. मला बरोबर वाटलं, पण खात्री नाही. दोन, तिला रोज तेच-तेच लिहायचा कंटाळा येतोय. ‘काहीच घडत नाही माझ्या आयुष्यात, काय लिहू’ म्हणाली. आठवीतच!

खडू_डस्टर:
‘मेड मी लाफ’. ‘मेक’नंतर ‘टू’ नको, ‘फोर्स’ असतं तर हवा. तुम्हाला सगळं यायला हवं असं नाही. वहीत समासात प्रश्नचिन्ह टाका, आठवड्याची प्रश्नचिन्हं गोळा करून तिला शाळेतल्या बाईंकडे पाठवा. बाईंना असं पोर आवडतंच, ती चुका घेऊन येत नाही, प्रश्न घेऊन येते. आणि तुम्हाला इंग्रजी कमी येतं हेही सोयीचं आहे. तुम्ही मराठीतच विचारा: कोण गेलं? कधी? रोज जातो की एकदाच? अजून चालू आहे की संपलं? काळाचं निम्मं उत्तर त्या प्रश्नांत असतं.

कंटाळ्याचं: विषय बदला, चूक तीच ठेवा. आज भांडणाबद्दल, उद्या क्रिकेटच्या सामन्याबद्दल, परवा आजीची मुलाखत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना ‘माय स्कूल’, ‘काऊ’ देऊन चालत नाही. त्यांना मतं असतात. ‘वर्गात मोबाइल का हवा’ लिहायला सांगा आणि गप्प बसा.

अजिंक्यतारा_पायथा:
वाचनाचं काय? भिलारला न्या एकदा, पुस्तकांचं गाव.

पानगळ:
भिलार सुंदरच आहे, २०१७ पासून मीही चार मैत्रिणींना ओढून नेलंय. पण तिथला खजिना मुख्यतः मराठी पुस्तकांचा, या कामाला नाही. इंग्रजीसाठी तिच्या पातळीपेक्षा किंचित सोपं असं काहीही चालेल. रोज एक परिच्छेद. वाचून पुस्तक मिटायचं, तोच परिच्छेद आपल्या शब्दांत लिहायचा, मग मूळ उघडून बघायचं की त्यांनी कुठं ‘द’ घातला आणि मी नाही. लिहिणाऱ्याच्या आणि आपल्या वाक्यातला फरक मुलांना स्वतः दिसतो, आपण दाखवण्यापेक्षा तो खोल बसतो.

जरंडेश्वर_पायरी:
विषय निघालाच आहे तर ‘अ’ आणि ‘ॲन’चं सांगा ना. माझी भाची सातवीत, ‘ॲन युनिव्हर्सिटी’ आणि ‘अ अवर’ लिहिते. ए-ई-आय-ओ-यू पाठ आहे.

मिरजेची_तार:
पाठ आहे म्हणूनच चुकतेय. अक्षर नाही, उच्चार बघायचा. यासाठी देवनागरीसारखं हत्यार नाही. शब्द देवनागरीत लिहायला सांगा. पहिलं अक्षर स्वर आलं तर ‘ॲन’, व्यंजन आलं तर ‘अ’. अवर, ऑनेस्ट, एमएलए: स्वर, म्हणून ‘ॲन’. युनिव्हर्सिटी, युरोपियन ‘य’नं सुरू होतात, वन-रुपी कॉइन ‘व’नं, म्हणून ‘अ’. इंग्रजी माध्यमातल्या पोरांपेक्षा आपली पोरं हे लवकर शिकतात.

जरंडेश्वर_पायरी:
काय सांगता! करून बघितलं, चुटकीसरशी कळलं तिला. आणि ‘द’ कधी?

मिरजेची_तार:
‘द’ला चुटकी नाही :) आपल्याकडे तसलं काही नसल्यामुळे कान तयार व्हायलाच वेळ जातो. एकच गोष्ट सांगते. ऐकणाऱ्याला ‘कुठला?’ असा प्रश्न पडत नसेल तर ‘द’. ‘आय सॉ अ डॉग’ म्हटलं की पुढच्या वाक्यात तो कुत्रा ओळखीचा झाला, ‘द डॉग’. याच्या पुढचं वाचनातूनच येतं.

वाघ्या_घेवडा:
खडूसर, डू-डझ-डिड बऱ्यापैकी बसलंय, आता ‘इनडायरेक्ट’कडे वळू का? तिच्या शाळेत तेच सुरू झालंय. ‘नाऊचं देन, टुडेचं दॅट डे, टुमारोचं नेक्स्ट डे’ असा तक्ता पाठ करायला दिलाय.

खडू_डस्टर:
वळा, पण तक्त्यानं सुरुवात नको. आधी फक्त माणूस बदलायचा, काळाला हात लावायचा नाही. घरातले खरे निरोप घ्या. आत्या फोनवर म्हणाली, ‘मी रविवारी येते.’ हे आईला इंग्रजीत सांग. कोण येतंय? आत्या. मग ‘आय’ राहील का? ‘शी’ झालं. ‘सेज’नं सुरू करा: ‘आत्या सेज शी इज कमिंग ऑन संडे.’ ‘सेज’ असल्यावर काळ बदलायची गरजच नसते, म्हणून एका वेळी एकच गोष्ट हाताळता येते. हे आठ-दहा दिवस मुरलं की ‘सेड’ आणा, मग ‘इज’चं ‘वॉज’, ‘विल’चं ‘वुड’. तक्ता शेवटी, शाळेच्या परीक्षेसाठी. आणि ‘टुमारो’चं ‘नेक्स्ट डे’ यंत्रासारखं करू नका. आत्या आज सकाळी बोलली आणि निरोप आज दुपारी सांगितला तर उद्या हा उद्याच असतो.

डू-डझ-डिड सोडू मात्र नका. आठवड्यातून एकदा जुनं पान काढायचंच. नवीन काही सुरू झालं की जुनं डळमळतं, निरोपात प्रश्न आला की ‘शी आस्क्ड व्हेअर डिड आय वेंट’ असलं काही लिहील बघा.

वाघ्या_घेवडा:
कालच लिहिलंय! शब्दशः नाही, पण तेच. ‘आजी आस्क्ड मी व्हेअर वॉज माय बुक.’

खडू_डस्टर:
हे तर चांगल्या पोराचं लक्षण. प्रश्नात ‘वॉज’ आधी आणायला ती शिकली, आता निरोपात तो परत मागे न्यायचाय: ‘व्हेअर माय बुक वॉज’. मराठीत ‘माझं पुस्तक कुठे होतं’ दोन्हीकडे सारखंच राहतं, म्हणून तिला फरक जाणवणार नाही. ‘आय डोन्ट नो व्हेअर…’ नं सुरू होणारी वाक्यं रोज तोंडी घ्या. आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ह्ज. आय डोन्ट नो व्हाय शी इज अँग्री. एकदा कान बसला की झालं.

कंदीपेढा:
सुरुवातीला क्लास लावा म्हणून मोकळा झालो होतो, पण आता गुपचूप सगळा धागा वाचतोय. माझा दहावीत आहे, मराठी माध्यम. मार्चमध्ये बोर्ड. एवढा वेळ नाही आमच्याकडे. काय करू?

खडू_डस्टर:
पेढा, दहावीचं गणित वेगळं. इंग्रजीची कृतिपत्रिका ८० गुणांची, २० अंतर्गत. त्यातला नुसत्या व्याकरणाचा वाटा थोडा, उतारे आणि लेखनाचा मोठा. त्यामुळे व्याकरणाचं पुस्तक नव्यानं उघडू नका. त्यानं या वर्षी लिहिलेली पत्रं, बातम्या, भाषणं असतील ती सगळी काढा. तुम्ही बसून फक्त मोजा, कुठली चूक सगळ्यात जास्त वेळा आलीय. पहिल्या दोन चुका पोस्टकार्डएवढ्या कागदावर त्याच्या अक्षरात लिहून घ्या, चुकीचं वाक्य आणि बरोबर वाक्य. दर दोन दिवसांनी एक लेखनाचा प्रश्न घड्याळ लावून सोडवायचा आणि शेवटची पाच मिनिटं राखून तो कागद समोर ठेवून फक्त त्या दोन चुका शोधायच्या. बाकी काही तपासायचं नाही. परीक्षेत कागद नसेल, पण शोधायचं काय ते डोक्यात असेल.

कंदीपेढा:
सहामाहीचं पत्र काढलं. ‘आय ॲम स्टडिंग इन युवर स्कूल सिन्स फाइव्ह इयर्स.’ मिरजेच्या ताई, नमस्कार.

मिरजेची_तार:
‘स्टडिंग’मध्ये ‘वाय’ सुटलाय का बघा आधी.